गावाचा इंडेंट



या मालेसाठी विचारणा झाली तेव्हा मला सांगण्यात आलं, 'कर्नलसाहेब, सीमेवरची एखादी गोष्ट सांगा.' गोष्ट सीमेवरचीच आहे, पण तिच्यात गोळीबार नाही. ही बासष्ट खोक्यांची गोष्ट आहे. खोकी म्हटल्यावर महाराष्ट्रातली मंडळी गालातल्या गालात हसतील. पण ही खोकी पुठ्ठ्याची होती आणि त्यांत जुने कपडे होते. ती नोएडातून लडाखमधल्या चांगथांगला गेली. पाठवणारा मी होतो, आणि पाठवण्यात जी चूक झाली तीही माझीच होती.

आधी चांगथांग म्हणजे काय ते सांगतो. लेहपासून पूर्वेला आणि आग्नेयेला, तिबेटच्या दिशेनं पसरलेलं हे उंच पठार. त्सो मोरिरी सरोवराच्या काठचं कोरझोक गाव घ्या, ते साधारण पंधरा हजार फुटांवर आहे. झाड नाही. पाऊस जवळपास नाहीच. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या आसपास जातो, आणि वारा असा की बोलताना शब्द तोंडातच गोठतात. या पठारावर चांगपा नावाचे पशुपालक राहतात. लडाखच्या ज्या आठ जमातींना १९८९ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, त्यांत चांगपा आहेत. वर्षातून अनेकदा ते तळ हलवतात. याकच्या केसांचा काळा तंबू, त्याला रेबो म्हणतात. जळण म्हणजे वाळलेलं शेण आणि लेंड्या. आणि खरी संपत्ती म्हणजे शेळ्या.

आपल्या घरात कुणाकडे पश्मिन्याची शाल असेल, तर तिची सुरुवात या शेळीच्या अंगावर झालेली असते. कडाक्याच्या थंडीत तिच्या मोठ्या केसांखाली बारीक, मऊ लव वाढते. उन्हाळा लागला की चांगपा ती फणीनं विंचरून काढतात. एका शेळीमागे कच्ची पश्म साधारण पाव किलो मिळते. म्हणजे जी थंडी आपल्याला संकट वाटते, तिच्यावरच त्यांचा व्यवसाय उभा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लष्करात असताना माझी दोनदा त्या भागात नेमणूक झाली. एकदा मेजर असताना, एकदा कर्नल झाल्यावर. निवृत्त झालो, नोएडात फ्लॅट घेतला. सोसायटीत निवृत्त फौजी असला की दोन कामं त्याच्याकडे आपोआप येतात, पंधरा ऑगस्टचा झेंडा आणि पार्किंगची भांडणं. मी तिसरं काम स्वतःहून घेतलं. म्हटलं, आपण लडाखच्या लोकांसाठी काहीतरी करू. इथे कपाटं ओसंडून वाहतायत, तिथे माणसं थंडीनं काकडतायत. सरळ हिशेब.

सोसायटीनं मनापासून साथ दिली, हे सांगायला हवं. एकशेचाळीस घरांतून कपडे आले. आमच्या घरी ही आणि तिच्या दोन मैत्रिणी तीन रविवार खोकी भरत बसल्या होत्या. बासष्ट खोकी झाली. ट्रक ठरवला. वर्गणीचा बहुतेक पैसा त्या ट्रकच्या भाड्यात गेला. खिंडी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला मनालीमार्गे माल निघाला. मी विमानानं लेहला गेलो आणि तिथून पुढे गाडीनं. मनात म्हणत होतो, शाबास कर्नल, निवृत्तीनंतरही कामात आहेस.

वस्तीचं नाव सांगत नाही, त्या लोकांना ते आवडणार नाही. तिथले गोबा, म्हणजे आपल्याकडच्या गावच्या पाटलासारखे, माझ्या जुन्या ओळखीचे. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना मेमे म्हणतात, म्हणजे आजोबा. जुले-जुले झालं, लोणी घातलेला खारा चहा झाला. मग खोकी उघडली.

पहिल्या खोक्यात सुती साड्या. दुसऱ्यात एका शाळेचे गणवेश, खिशावर शाळेचा बिल्ला तसाच. तिसऱ्यात ब्लेझर, लग्नातल्या शेरवान्या, एक पोहण्याचा पोशाख. उंच टाचांचे सँडल. चेन तुटलेली जॅकेटं. बासष्टपैकी एकोणीस खोक्यांतला माल धड होता. बाकीचा आपण आपल्या घरी पायपुसणं म्हणूनही वापरला नसता. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, तसं आम्ही आमच्या अडगळीच्या जिवावर उदार झालो होतो.

मेमे काही बोलले नाहीत. त्यांनी एक चेन तुटलेलं जॅकेट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, घडी घातली आणि परत खोक्यात ठेवलं. त्यांच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचा लांब कोट होता, लोकर आतल्या बाजूला. मी लष्करी दुकानातून घेतलेलं महागडं जॅकेट घालून कुडकुडत होतो. त्या क्षणी थंडीचे कपडे कुणी कुणाला द्यायला हवे होते, सांगा.

मग त्यांनी विचारलं, "साहेब, हा ट्रक इथपर्यंत आणायला किती पैसे लागले?"

मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "तेवढ्यात चारा आला असता."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मी सारवासारव केली. पुढच्या खेपेला चारा आणू, बघू, करू. दोन दिवस राहून परत आलो. येताना सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकले. एका लहान मुलाला त्यातल्या त्यात बरं जॅकेट घालून, हात जोडायला लावून, फोटो काढला होता. हो, मीच काढला होता. पन्नासेक लोकांनी नमस्काराचे हात पाठवले.

फेब्रुवारीत चांगथांगमध्ये मोठा बर्फ पडला. तिथे एरवी बर्फ फार पडत नाही. वाऱ्यानं जमीन उघडी राहते आणि शेळ्या वाळकं गवत शोधून खातात. त्या पठारावरचा हिवाळा चालतो तो या हिशेबावर. पण दोन-तीन फूट बर्फ साचून राहिला की गवत खाली गाडलं जातं, आणि नेमके त्याच सुमारास वेताचे दिवस येतात. उपाशी शेळीला दूध नाही, पिल्लू जगत नाही. २०१३ च्या सुरुवातीला अशाच बर्फात चांगथांगमध्ये हजारो जनावरं दगावली होती, ते तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. आमच्या वस्तीवर आलेलं संकट त्या मानानं लहान होतं. पण ज्याच्या शंभरातल्या साठ शेळ्या जातात त्याच्यासाठी लहान काय आणि मोठं काय.

मेमेंच्या पुतण्याचा फोन आला, लेहहून. मी धावपळ केली, जुन्या ओळखी काढल्या, थोडे पैसे जमवले. पण फेब्रुवारीत त्या रस्त्यानं चारा पोचवणं म्हणजे वरातीमागून घोडं. जे पोचलं ते उशिरा पोचलं आणि थोडं पोचलं. उन्हाळ्यात कळलं की त्या पुतण्यानं उरलेल्या शेळ्या भावाच्या स्वाधीन केल्या आणि तो बायकोमुलांना घेऊन लेहजवळ मजुरीला गेला. असे जाणारे पुष्कळ आहेत. खरनाकच्या चांगपांपैकी बऱ्याच कुटुंबांनी लेहजवळ बिऱ्हाडं हलवली, त्या वस्तीला खरनाकलिंग असंच नाव पडलं आहे. जाण्यामागे शाळा, दवाखाना, म्हातारपण अशी अनेक कारणं असतात आणि ती खरी आहेत. पण या एका घराच्या बाबतीत मला माहीत होतं की ऑक्टोबरमध्ये त्या रस्त्यावरून एक ट्रक गेला होता, आणि त्यात चाऱ्याऐवजी शेरवान्या होत्या.

आता यातली खरी शरमेची गोष्ट सांगतो. मी तीस वर्षांहून जास्त फौजेत काढली. फौजेत साधा बुटाचा बंदसुद्धा इंडेंटशिवाय हलत नाही. इंडेंट म्हणजे मागणीपत्र. ज्याला वस्तू हवी तो लिहितो, कोणती, किती, कधीपर्यंत. मगच डेपो पाठवतो. डेपोत काय पडून आहे ते बघून पलटणीला काय लागतं हे कुणी ठरवत नाही. लडाखमध्ये तर हे फार काटेकोर असतं. खिंडी बंद होण्याआधी सगळ्या हिवाळ्याचा शिधा, रॉकेल, औषधं वर चढवून ठेवावी लागतात, त्याला आम्ही ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतो. त्याची यादी कित्येक महिने आधी वरच्या चौक्यांकडून येते. चौकीवरच्या हवालदाराला मी विचारत होतो, "तुला काय लागेल?" आणि तिथून काही किलोमीटरवर राहणाऱ्या मेमेंना मी कधीच विचारलं नाही. त्यांना काय लागतं ते मी नोएडात बसून ठरवलं.

का विचारलं नाही? यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याला विचारतो. ज्याला बिचारा मानतो त्याला देऊन टाकतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी रिकाम्या हातानं गेलो. वही आणि पेन घेऊन. मेमेंना म्हटलं, "तुमचा इंडेंट द्या." त्यांना शब्द माहीत होता. फौजेबरोबर हमाली केलेला माणूस. ते खूप हसले. मग तीन दिवस लागले यादी करायला, कारण ते एकटे सांगेनात, सगळ्या घरांना बोलावलं. बायका वेगळ्या बसल्या आणि त्यांची यादी वेगळी निघाली.

यादीत चार गोष्टी होत्या. पहिली, चारा, पण सप्टेंबर संपायच्या आत वस्तीवर आलेला. दुसरी, पिल्लांच्या गोठ्यावर घालायला पत्रे. तिसरी बायकांच्या यादीतली होती आणि ती मला शंभर वर्षांत सुचली नसती. जवळचे चष्मे. चाळिशी उलटलेल्या बायकांना विणताना, सुईत दोरा ओवताना दिसत नव्हतं, आणि चष्म्यासाठी लेहला जाणं म्हणजे दोन-तीन दिवस मोडणं. चौथी, शाळेत राहणाऱ्या मुलांसाठी रात्री वाचायला सौर दिवे, पण ज्यांची बॅटरी लेहमध्ये बदलून मिळेल असेच. मागच्या कुणीतरी दिलेले दिवे एका हिवाळ्यात बंद पडले होते, त्यांचा ढीग त्यांनी मला दाखवला. आणि खाली एक सूचना होती, मुलांना चॉकलेटं आणू नका, दात किडतायत.

कपडे यादीत नव्हते.

चाऱ्याचं असं ठरलं की तो दिल्लीहून न्यायचा नाही. सिंधूकाठच्या खालच्या गावांत शेतकरी लसूणघास पिकवतात, त्यांच्याकडून घ्यायचा. ट्रकचं भाडं वाचलं आणि पैसा लडाखमध्येच राहिला. आणि मेमेंनी अट घातली की प्रत्येक घर आपला वाटा देईल, थोडा का होईना. मी म्हटलं, कशाला? ते म्हणाले, "फुकटचा चारा कुणी जपून वापरत नाही." दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं. वाटा दिला की वस्तीतला कुणीही हिशेब विचारू शकतो. मलासुद्धा.

इथे दुसरी अडचण आली, ती आपल्याकडची. सोसायटीत मी जाऊन सांगितलं, या वर्षी कपडे नकोत, चाऱ्यासाठी आणि चष्म्यांसाठी पैसे हवेत. कपडे एकशेचाळीस घरांनी दिले होते. पैसे एकतीस घरांनी दिले. एका सद्गृहस्थांनी सरळ विचारलं, "शेळ्यांना का म्हणून द्यायचे? माणसांना देऊ की." दुसरे म्हणाले, "फोटो येतील ना?" मी म्हटलं, चाऱ्याच्या गंजीचा फोटो देईन, मुलांचा नाही देणार. ते आजतागायत माझ्यावर नाराज आहेत.

मी त्यांना दोष देत नाही. पेटीत जॅकेट टाकलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, ते मूल डोळ्यांसमोर येतं. लसूणघासाच्या पेंढीनं तसं वाटत नाही. पण आपल्याला काय वाटतं हा प्रश्न वेगळा, आणि तिथे काय लागतं हा वेगळा. दान करताना या दोन्हींची गल्लत फार सहज होते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझ्या आधी पुष्कळांनी हे ओळखलं आणि माझ्यापेक्षा फार चांगलं काम केलं. आमच्या दिल्लीतलंच उदाहरण घ्या. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली घरातल्या ६७ कपड्यांपासून 'गूंज'ची सुरुवात केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे जुना कपडा आला की आधी निवडला जातो, धुतला-शिवला जातो, भागानुसार आणि ऋतूनुसार वेगळा केला जातो. आणि गावात तो भीक म्हणून वाटत नाहीत. गाव आपल्या गरजेचं काम ठरवतं, विहीर उपसणं असेल, रस्ता असेल, ते श्रमानं पूर्ण करतं आणि त्याचा मोबदला म्हणून सामान घेतं. म्हणजे कपडे पाठवणंच चूक, असं मी म्हणत नाही. न विचारता, न निवडता पाठवणं चूक.

लडाखचंच बघायचं तर गुरुग्रामच्या शिक्षिका सुजाता साहू यांनी २०१२ मध्ये '१७००० फीट फाउंडेशन' सुरू केलं. लडाखच्या आडगावांतल्या सरकारी शाळांमध्ये वाचनालयं, खेळाची मैदानं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण असं ते काम आहे. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की नवी शाळा काढून मुलांना गावाबाहेर न्यायचं नाही, गावात जी शाळा आहे तीच सुधारायची. गाव रिकामं होण्याचं एक मोठं कारण शाळा असतं, हे त्या लोकांनी ओळखलं. तसंच 'ग्लोबल हिमालयन एक्स्पिडिशन'. तीही गुरुग्रामचीच मंडळी. २०१४ मध्ये त्यांनी सुमदा चेनमो या गावात सौर दिवे लावले. तिथे सामान पाठीवर आणि घोड्यांवर घालून न्यावं लागलं. पण दिवा लावून फोटो काढून ते निघून गेले नाहीत, दुरुस्ती गावाकडच्याच माणसांना शिकवली.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं काय आली? मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. मग शोधग्रामला दवाखाना झाला तो झोपड्यांचा, आदिवासी पाड्यासारखा, नातलगांना राहायला जागा असलेला, आणि नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, आजाराचा आणि देवीच्या नावाचा काय संबंध? संबंध एवढाच की दवाखाना आपला वाटला आणि माणसं येऊ लागली. हा गावाचा इंडेंट.

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल की संकटाच्या वेळी कुठे विचारत बसणार? बरोबर आहे. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. लेह आणि चोगलमसरमध्ये घरंच्या घरं चिखलाखाली गेली, दोनशेहून जास्त माणसं गेली. अशा वेळी पहिल्या रात्री कुणी यादी करत नाही, जे हाताशी आहे ते घेऊन पळायचं असतं. पण पहिले काही दिवस सरले की पुन्हा विचारायलाच हवं. लडाखमध्ये ऑगस्टमध्ये घर पडलं तर प्रश्न ब्लँकेटचा नसतो, थंडीच्या आत डोक्यावर छप्पर येणार की नाही हा असतो, कारण त्यानंतर माती गोठते आणि बांधकाम थांबतं.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, खास करून कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ती खर्च करायची घाई कधी सुरू होते? फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. चांगथांगचं वर्ष ऑक्टोबरमध्ये संपतं. तोवर जे पोचलं ते हिवाळ्यात कामाला येणार. आता अटल बोगदा झाला आहे, सीमा सडक संघटनेच्या कृपेनं जोजिलाही पूर्वीपेक्षा कमी काळ बंद असते. पण लेहच्या पुढचा शेवटचा टप्पा आहे तसाच आहे. मेळघाटातही असंच आहे, पावसाळ्याच्या आत धान्य आणि औषधं पोचली तर उपयोग. ज्याला मदत करायची त्याचं पंचांग आधी बघा.

आणि एक गोष्ट, जी फौजी म्हणून मला सांगितलीच पाहिजे. आपण 'मदत' हा शब्द एकाच दिशेनं वापरतो. १९४८ साली लेह वाचवायला विमान उतरवायचं होतं. धावपट्टी नव्हती. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं गावकऱ्यांना घेऊन ती तयार केली, आणि मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे विमान उतरवलं. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरात घुसखोर शिरल्याची पहिली बातमी फौजेला कुणी दिली? बटालिक भागातल्या गारखोन गावच्या ताशी नामग्याल या पशुपालकानं. हरवलेला याक शोधायला गेला होता तो. वरच्या चौक्यांवर आमचा शिधा ज्या पाठींवरून चढला त्या पाठीही याच लोकांच्या. मी जेव्हा 'बिचाऱ्यांना' जॅकेटं पाठवत होतो, तेव्हा खरं म्हणजे देणेकरी मी होतो. देणं फेडताना कुणी आपली अडगळ देत नाही.

तुम्ही इंदूरला असाल, बडोद्याला, बेळगावला, पुण्याला असाल. प्रत्येकजण लडाखला जाणार नाही आणि जायची गरजही नाही. तुमच्या जवळ नंदुरबार असेल, झाबुआ असेल, डांग असेल. पण कुठल्याही दूरच्या वस्तीसाठी पैसा किंवा वस्तू देण्याआधी चार प्रश्न विचारा, संस्थेला विचारा आणि स्वतःलाही.

एक, हे कुणी मागितलं? नाव सांगता येतं का, गावातल्या कुणाचं तरी? दोन, हीच वस्तू तिथल्या जवळच्या बाजारात मिळते का? मिळत असेल तर इथून पाठवून तिथल्या दुकानदाराच्या पोटावर पाय का आणायचा? तीन, वस्तू मोडली तर दुरुस्त कोण करणार, आणि टाकायची झाली तर टाकणार कुठे? चांगथांगच्या थंड, कोरड्या हवेत काहीही लवकर कुजत नाही. आमची खोकी आणि त्यातलं प्लॅस्टिक बरीच वर्षं तिथेच पडून राहिलं असतं. ते मी पुढच्या खेपेला गाडीत घालून खाली आणलं, ती माझी शिक्षा. चार, याचा हिशेब मला मिळेल तसा गावालाही मिळतो का?

या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी संस्था लहान असली तरी तिला द्या. आणि एकदा देऊन विसरू नका. दरवर्षी थोडं देणारी एकतीस घरं एकदाच भरभरून देणाऱ्या एकशेचाळीस घरांपेक्षा जास्त कामाला येतात, हा माझा अनुभव आहे. आता ती त्रेचाळीस झाली आहेत. फार नाही वाढली. पण गेल्या सहा वर्षांत सप्टेंबर संपायच्या आत चारा वस्तीवर पोचला नाही असं एकदाही झालेलं नाही.

तो पुतण्या? तो परत आला नाही. लेहमध्ये टॅक्सी चालवतो, मुलगी बारावीला आहे, चांगली शिकते आहे. मी गेलो की विमानतळावर घ्यायला तोच येतो. पहिल्या वर्षी चारा वेळेवर मिळाला असता तर तो वस्तीवर राहिला असता का? मी एकदा धीर करून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, कदाचित नंतर गेलोच असतो. पण तेव्हा स्वतःच्या मर्जीनं गेलो असतो."

मेमे दोन वर्षांपूर्वी वारले. यादी आता त्यांची सून करते. या वर्षीची मे महिन्यात आली, फोनवरच, हिंदीत लिहिलेली. चारा आहे, पत्रे नकोत म्हणून लिहिलंय, चष्मे अकरा हवेत. आणि शेवटी एक नवी ओळ आहे. वस्तीतल्या तीन मुलींना पश्मिना कातायचं नवं यंत्र शिकायचं आहे, लेहला राहायची सोय हवी.

तर हा या वर्षीचा इंडेंट आहे. मी तुम्हाला वाचून दाखवला.